काचेमागचा डोळा

न्यायाधीशबाईंनी आपला फोटो परत आणून काउंटरवर पालथा ठेवला, तेव्हा मोठ्या बाईंना प्रथम वाटले की त्या चुकून दुसऱ्याच कोणाचा फोटो घेऊन आल्या असाव्यात. त्यांच्या स्टुडिओतून बाहेर पडलेला फोटो परत येत नसे. सासऱ्यांनी दुकान मांडले त्या दिवसापासून असे कधी घडले नव्हते, आणि जे सासऱ्यांच्या काळात घडले नाही ते आपल्या काळात घडू द्यायचे नाही, हा मोठ्या बाईंचा नेम होता.

"काय खटकतंय, ते सांगा," त्या म्हणाल्या. सुरात विनंतीचा लवलेश नव्हता.

"तेच तर सांगता येत नाही," न्यायाधीशबाई फोटो सुलटा करत म्हणाल्या. त्याही वयाने आणि मानाने लहान नव्हत्या. याच महिन्यात निवृत्त होत होत्या आणि हा फोटो कोर्टाच्या दालनात कायमचा लागायचा होता. "केस माझे, झगा माझा, नाकही माझंच. पण आतून बघतंय ते कोणीतरी दुसरंच. काल मी या फोटोसमोर उभी राहिले, तर मलाच आरोपी असल्यासारखं वाटलं."

"जन्मभर आरोपी बघितलेत तुम्ही. सवय लागते डोळ्यांना."

"मी डोळ्यांचंच म्हणतेय, बाई." न्यायाधीशबाईंनी चष्मा सारखा केला. "निरोपसमारंभ जवळ आलाय. जमत असेल तर दुरुस्त करा. नाही जमलं तर तसं सांगा, मी दुसरीकडे बघेन. राग मानू नका."

दार लागले. कॅमेरा सांभाळणारी नात नखे कुरतडू लागली, आणि कुरतडताना सवयीने भिंतीकडे पाठ करून उभी राहिली. भिंतीवर आजोबांचा फोटो होता. आजोबा ती जन्मण्याआधीच गेले होते. पण जाडजूड चष्म्यातून ते असे रोखून पाहत की त्यांच्यादेखत नखे कुरतडायची तिची आजही छाती होत नसे.

"दुसरीकडे म्हणे," मोठ्या बाई पुटपुटल्या आणि फोटो घेऊन आपल्या खुर्चीकडे गेल्या.

ती खुर्ची हे त्या घराचे सिंहासन होते. दिवे आणि छपाई सुनेकडे, कॅमेरा नातीकडे. पण चेहरा मात्र मोठ्या बाईंचा. कोणाच्या गालावरचा डाग पुसायचा, कोणाच्या डोळ्यांखालची काळोखी किती हटवायची, कोणाच्या हनुवटीला जरा आधार द्यायचा, हे त्या ठरवत आणि त्याच करत. नवी नवरी म्हणून या घरात आल्या तेव्हा मामंजींनी त्यांच्या हातात टोकदार पेन्सिल दिली होती आणि फिल्मच्या निगेटिव्हवर हलक्या हाताने रिटचिंग करायला शिकवले होते. पुढे फिल्म गेली, काँप्युटर आला. लोकांना वाटले, आता म्हातारी बाजूला होईल. मोठ्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवली, डिजिटल पेन उचलले आणि खुर्ची सोडली नाही.

मात्र अलीकडे दुपार झाली की डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होई. कपाळ ठणके, मान आखडे, आणि संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांभोवती उजेडाची कडी दिसत. वाचनाचा जुना चष्मा लावून त्या काम करत. त्याच्या काचांवर चरे पडले होते. तो साफ करायचा तर पदर पुरे, असे त्यांचे मत होते.

"आई, एक बोलू?" सून जवळ येऊन उभी राहिली.

"बोलणारच आहेस. विचारतेस कशाला?"

"न्यायाधीशबाईंचा फोटो मी करून बघू का? एकदाच."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि सुनेकडे असे पाहिले की कोणीही दोन पावले मागे सरावे. सून सरली नाही. एवढी वर्षे त्याच नजरेखाली काढलेली, तीही आता कच्ची राहिली नव्हती.

"तुमचे डोळे किती लाल झालेत बघा. त्या चष्म्याने पुस्तक वाचायचं असतं, काँप्युटर नव्हे. आधी चष्मेवाल्याकडे चला. मग हवं तर माझ्यावर ओरडा."

"ओरडायला मला चष्मा लागत नाही." मोठ्या बाईंनी जुना चष्मा मिटून मुठीत घेतला. मग, हुकूम सोडावा तशा म्हणाल्या, "चल. चष्मा घेते. पण सांगून ठेवते. चांगल्या चष्म्यानेही हा फोटो माझ्या हातून झाला नाही, तर हे पेन तुझ्या हातात देईन. आणि झाला, तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही."

चष्म्याच्या दुकानात सगळीकडे आरसे होते आणि त्या आरशांत मोठ्या बाई सगळीकडून दिसत होत्या. त्यांना ते आवडले नाही. डोळे तपासून झाल्यावर चष्मेवाल्याने त्यांचा जुना चष्मा उजेडात धरला आणि भुवया उंचावल्या.

"हा किती जुना आहे?"

"चष्म्याचं वय विचारा, माझं नको."

चष्मेवाला हसला. माणूस पोक्त होता, बोलणे मोजके होते. "तुमचा नंबर केव्हाच बदललाय. शिवाय हा जवळचा चष्मा. पुस्तक हातात धरता तेवढ्या अंतराचा. रस्त्यावरचं दिसायला लांबचा लागतो. काँप्युटर या दोन्हींच्या मधे. त्या मधल्या अंतराचा चष्मा नसला की डोळे दिवसभर ओढाताण करतात. तेच दुखतंय."

"आणि ती निळा प्रकाश अडवणारी काच?" सुनेने विचारले. "सगळे तीच घ्या म्हणतात."

"घेऊ नका. तिने रंग किंचित पिवळट दिसतात. तुमचं सगळं काम रंगांचं. त्यापेक्षा अधूनमधून खिडकीबाहेर लांब बघा, आणि पापण्या मिटत जा. स्क्रीनकडे बघताना माणूस पापणी लववायची विसरतो." मग त्याने एक काच दिव्याखाली तिरकी धरली. "हा थर मात्र जरूर घ्या. याने काचेवर दिव्याची चमक पडत नाही."

"सगळ्या गावाने हा थर घेतला, तर आमचा अर्धा धंदाच बसेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "चष्म्यावरची चमक काढण्यात जन्म गेलाय माझा."

चौकट निवडताना मात्र त्यांनी कोणाचे ऐकले नाही. पारदर्शक चौकट त्यांनी हातात घेतली आणि लगेच परत केली. लपून बसणाऱ्या वस्तूंवर त्यांचा विश्वास नव्हता. गोल चौकटीने गाल फुगीर दिसतो म्हणाल्या. सोनेरी काड्यांची लावून आरशासमोर मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आणि निकाल दिला, "हिची सावली बरोब्बर डोळ्याखालच्या सुरकुतीवर पडते. ज्याने ही केली त्याला उजेड कळत नाही." अखेर एक काळी, चौकोनी, भारदस्त चौकट त्यांनी डोळ्यांवर चढवली.

"आई, यात तुम्ही जरा रागीट दिसता," सून म्हणाली.

"मग माझ्यासारखीच दिसते. हीच द्या."

चष्मेवाल्याने टेप काढली. "आता एकच सांगा. काम करताना तुमचे डोळे स्क्रीनपासून किती लांब असतात?"

मोठ्या बाईंनी पाठ सरळ केली आणि हात समोर पसरला. "हातभर. आमच्या घरात वाकून काम करायची पद्धत नाही. मामंजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काम डोळ्यांपाशी आणायचं, डोळे कामापाशी न्यायचे नाहीत."

चष्मेवाल्याने अंतर मोजले. सुनेने तोंड उघडले आणि मिटले.

चष्मा तयार होऊन आला त्या दिवशी मोठ्या बाईंनी हात धुतले, खुर्चीवर बसल्या, न्यायाधीशबाईंचा फोटो काँप्युटरवर उघडला आणि नवा चष्मा लावला.

समोर धुके पसरले.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तेच. न्यायाधीशबाईंच्या चेहऱ्याच्या जागी भिजवलेल्या पिठाचा गोळा दिसत होता.

"फोन लाव त्या चष्मेवाल्याला!" त्या गरजल्या. "माणूस स्वतःच आंधळा आहे आणि गावाचे डोळे तपासतोय. जुन्या चष्म्यात निदान काहीतरी दिसत होतं."

"आई," सून म्हणाली, "तुम्ही वाकताय."

"मी?"

"आत्तासुद्धा."

"मी ताठ बसलेय."

नातीने कॅमेरा उचलला, एक बटण दाबले, आणि तो आजीसमोर धरला. सकाळी नवा दिवा लावून पाहताना तिने दुकानाचे दोन-चार फोटो काढले होते. त्यातल्या एकात कोपऱ्यातल्या मेजाशी एक म्हातारी बसली होती. पाठीची कमान झालेली, मान कासवासारखी पुढे काढलेली, आणि नाक काँप्युटरच्या काचेला जवळजवळ टेकलेले.

मोठ्या बाईंनी कॅमेरा लांब धरला, मग फोटो स्पष्ट दिसला. "ही कोण?"

नात सुनेकडे पाहू लागली.

"अगं, मी विचारतेय, ही बाई कोण? आपल्या दुकानात कशी..." आणि शब्द तिथेच तुटला. म्हातारीच्या अंगावर त्यांचीच साडी होती.

वयाचा त्यांना धक्का नव्हता. वय त्या दागिन्यासारखे मिरवत. पण आपण ताठ आहोत, ही गोष्ट त्यांनी कधी तपासून पाहिली नव्हती, जशी माणूस आपले नाव तपासून पाहत नाही. आणि सून सांगते म्हटल्यावर त्यांनी ते मानलेही नसते. कॅमेऱ्याशी मात्र वाद घालता येईना. फोटोंना खोटे बोलायला लावणाऱ्या त्या स्वतः होत्या, आणि या फोटोला त्यांचा हात अजून लागलेला नव्हता.

"किती दिवस अशी बसते मी?" त्यांनी अगदी हळू विचारले.

"दिवस काय, आजी..." नात म्हणाली, आणि आईने डोळे वटारताच गप्प झाली.

मोठ्या बाई मागे सरल्या. आणखी मागे. अखेर पाठ खुर्चीला टेकली. खुर्चीच्या पाठीचे कापड दुकानातून आणले तेव्हा होते तसेच कोरे करकरीत होते. बैठक झिजून गेली होती, पाठीला कोणी शिवलेच नव्हते. हेही त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले. मग हात समोर पसरून त्यांनी अंतर घेतले आणि मान वर केली.

धुके विरले. न्यायाधीशबाईंचा संपूर्ण चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एका नजरेत समोर उभा राहिला. कित्येक वर्षांत त्यांनी काँप्युटरवर असा सबंध चेहरा पाहिला नव्हता. नाक काचेला लावून, चित्र मोठे करून, त्या एका वेळी एवढासा तुकडा पाहत. कधी गाल, कधी पापणी. तुकडा झाला की पुढचा तुकडा. चेहरा कधी दिसलाच नव्हता.

आता दिसला. त्यांनी न्यायाधीशबाईंकडे पाहिले आणि न्यायाधीशबाईंच्या चष्म्यामागून कोणीतरी त्यांच्याकडे पाहिले.

"आरसा आण," त्या म्हणाल्या.

"आजी, काय झालं?"

"आरसा आण म्हटलं ना!"

नातीने मेकअपच्या मेजावरचा हातआरसा आणून दिला. मोठ्या बाईंनी नवा चष्मा कपाळावर चढवला, जुना वाचायचा डोळ्यांवर लावला आणि आरसा जवळ नेला. त्यांच्या डाव्या डोळ्याच्या पापणीवरची घडी मध्येच तुटलेली होती. लहानपणी दाराची कडी लागली होती, तिची ही खूण. त्यांनी जुना चष्मा काढला, नवा खाली ओढला, काँप्युटरकडे पाहिले. न्यायाधीशबाईंच्या डाव्या पापणीवरची घडी मध्येच तुटलेली होती.

त्यांनी आरसा मेजावर पालथा ठेवला.

घडले होते ते असे. चष्मा लावणाऱ्याचा फोटो काढला की दिव्याची चमक काचेवर पडते आणि तिच्यामागे डोळा गडप होतो. ती पांढरी चमक पुसायची तर तिच्या जागी डोळा काढावा लागतो. मामंजी हे काम हाताने करत आणि त्यांनी ते मोठ्या बाईंना शिकवताना मेजावर आरसा ठेवला होता. दुसऱ्याचा डोळा काढायचा तर आधी स्वतःचा शीक, म्हणाले होते. मोठ्या बाई शिकल्या. तरुणपणी त्या गिऱ्हाइकाला समोर बसवून त्याचा डोळा न्याहाळत आणि तोच काढत. पुढे हात तयार झाला. मग नजर मंदावली. आणि नजरेने साथ सोडली तेव्हा हात, कोणाला न विचारता, आपल्या पहिल्या धड्याकडे परत गेला.

"जुने फोटो उघड," त्यांनी सुनेला सांगितले. "चष्मेवाल्या माणसांचे. सगळे."

सून एकेक उघडत गेली. शाळेच्या मुख्याध्यापिका: पापणीवरची घडी तुटलेली. बँकेतले रोखपाल: तीच घडी, तीच नजर. पियानो शिकवणाऱ्या बाई, त्यांचे यजमान, दोघांच्या चेहऱ्यावर एकच डोळा. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचा फोटो आला तेव्हा तर सुनेचाही हात थांबला. गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघताना ज्या बिचाऱ्याला घाम फुटे, तो फोटोतून साऱ्या गावाला फैलावर घेत होता.

"म्हणूनच लोक म्हणायचे," नातीच्या तोंडून निघून गेले, "की तुमच्याकडे फोटो काढला की माणूस कसा रुबाबदार दिसतो! आजी, अर्ध्या गावातून तूच बघतेयस!"

तिला हसू फुटले. सुनेने पदर तोंडाला लावला. मोठ्या बाईंना राग यायला हवा होता. तो आला नाही. एवढ्या घरांच्या भिंती, एवढी माणसे, आणि प्रत्येकाच्या चष्म्यामागे आपण लपून बसलेलो. कोणाच्या मुलांनी, कोणाच्या विधवेने त्या फोटोकडे बघून डोळे पुसले असतील.

हा विचार आला आणि त्यांची मान आपोआप भिंतीकडे वळली.

"तो खाली काढ," त्या म्हणाल्या.

सुनेने स्टूल घेतले आणि भिंतीवरचा आजोबांचा फोटो उतरवून सासूबाईंच्या समोर, हातभर अंतरावर, उभा धरला. मोठ्या बाई पाठ टेकून बसल्या होत्या. त्यांनी पाहिले. पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. चष्म्यामागच्या पापणीवरची घडी मध्येच तुटलेली होती.

यजमान गेले त्याच आठवड्यात त्यांनी हा फोटो केला होता. काँप्युटरवर केलेला त्यांचा तो पहिला चेहरा. डोळे रडून सुजलेले, पडद्याची सवय नाही, आणि फोटोत चष्म्याच्या दोन्ही काचांवर लख्ख पांढरी चमक. तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडले की त्या या फोटोसमोर क्षणभर थांबत. कधी तक्रार सांगत, कधी सल्ला विचारत. आणि त्या जे म्हणत त्याला यजमानांच्या डोळ्यांत नेहमी पूर्ण संमती दिसे.

"हे असे नव्हते," त्या म्हणाल्या.

"आजोबा?" नात गोंधळली. "मला तर वाटायचं, फार कडक होते. मी लहानपणी या फोटोखालून पळत जायचे."

"कडक? ते?" मोठ्या बाईंनी नातीकडे पाहिले, जणू तिने भलत्याच माणसाचे नाव घेतले होते. "अगं, गिऱ्हाईक फोटोसाठी घाबरून बसलं ना, तर हे स्वतःच आधी हसायचे. मीच ओरडायची, गंभीर व्हा जरा." आणि मग त्या सुनेकडे वळल्या. "तू बघितलंस त्यांना. कसे होते त्यांचे डोळे?"

हा प्रश्न सासूबाईंनी आपल्याला विचारला आहे हे सुनेला उमजायला थोडा वेळ लागला. "हसायला लागले की डावा आधी मिटायचा," ती म्हणाली. "उजवा नंतर. मला वाटायचं, मला डोळा मारतायत. नवीन होते मी, केवढी घाबरले होते."

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. डावा आधी. हो. डावा आधी मिटायचा. हे त्या विसरल्या होत्या, आणि विसरलो आहोत याचाही त्यांना पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः न्यायाधीशबाईंना फोन केला. गिऱ्हाइकाला पुन्हा बसायला बोलावण्याची त्या दुकानातली ती पहिली वेळ. न्यायाधीशबाई आल्या, तेव्हा मोठ्या बाईंनी त्यांना खुर्ची दिली, स्वतः समोर उभ्या राहिल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितले, "तुमचं बरोबर होतं. तो डोळा माझा होता."

न्यायाधीशबाईंनी फोटो पाहिला, मोठ्या बाईंना पाहिले, पुन्हा फोटो पाहिला. "तरीच! तरीच म्हटलं, माझ्या दालनात माझ्यावर कोण डाफरतंय!"

"या वेळी तसं होणार नाही. आमची सून सांगेल तसं बसा."

सुनेने दिवा वर घेतला आणि किंचित बाजूला सरकवला. नातीने आधी चष्म्यासकट फोटो काढला आणि लगेच, बैठक न हलवता, चष्मा काढायला लावून दुसरा. जिथे चमक उरेल तिथे या दुसऱ्यातला खरा डोळा बसवायचा. न्यायाधीशबाईंचा डोळा चष्म्याविना निघाला तो थकलेला, कडेला ओलसर, आणि अगदी अनपेक्षितपणे मवाळ. मोठ्या बाई तो कितीतरी वेळ पाहत राहिल्या. हा डोळा त्यांच्या हातून कधीच निघाला नसता.

फोटो काँप्युटरवर आला. सून बाजूला उभी राहिली. मोठ्या बाईंनी पेन उचलले, एकवार बोटांत फिरवले आणि तिच्यापुढे धरले.

"अहो, पण आता तुम्हाला दिसतंय की," सून म्हणाली. "चष्मा चांगला आहे. तुम्हीच करा."

"दिसतंय म्हणूनच देतेय. शब्द दिला होता. बस."

सून खुर्चीवर बसली. मोठ्या बाईंनी दुसरी खुर्ची ओढून तिच्या मागे, बरोबर तेवढ्याच अंतरावर मांडली, आणि पाठ टेकून, काळी चौकट नाकावर नीट बसवून, समोर पाहू लागल्या. थोड्या वेळाने न्यायाधीशबाईंच्या चेहऱ्यात न्यायाधीशबाईंचा डोळा आला.

"नाक स्क्रीनला लावू नकोस," मागून आवाज आला.

"नाही लावत, आई."

"लावतेयस. मला इथून सगळं दिसतंय."

फोटो पुरा झाला, छापला गेला, न्यायाधीशबाई तो घेऊन गेल्या. जाताना दारातून म्हणाल्या, "आता मीच आहे. जरा दमलेली, पण मीच."

मग मोठ्या बाईंनी सुनेला यजमानांचा मूळ फोटो शोधायला लावले. तो निघाला. जन्मभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस. त्याचा धड असा हा एवढाच फोटो होता, आणि त्यात दोन्ही काचांवर लख्ख पांढरी चमक होती. तिच्यामागे काय आहे ते कोणत्याच चष्म्यातून दिसणार नव्हते.

"काय करू, आई?" सुनेने पेन वर धरून विचारले. "अंदाजाने काढू का? मला थोडे आठवतात."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. चमकेखाली ओठांचा एक कोपरा नुकता हलू लागला होता. हे त्यांना आज पहिल्यांदाच दिसत होते.

"हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "असाच छाप."

"चमकेसकट?"

"चमकेसकट."

नवा फोटो भिंतीवर लागला. मोठ्या बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, रोजच्यासारखे काही सांगायला म्हणून तोंड उघडले, आणि समोरून कोणतीच संमती येत नाही हे पाहून तशाच थांबल्या. मागे नात नखे कुरतडत होती. फोटोकडे तोंड करून.

"हात काढ तोंडातून," मोठ्या बाई वळूनही न बघता म्हणाल्या. "ते बघत नसले, तरी मी बघतेय."